बारा डॉलर नव्व्याण्णव सेंट

क्रेडिट कार्डाच्या पत्रकावर ती ओळ वरून सातवी होती. तारीख, मग सगळे स्वर गाळून आखूड केलेले कुठल्याशा कंपनीचे नाव, त्याला चिकटून एक टोल-फ्री क्रमांक आणि उजव्या कडेला १२.९९ डॉलर. दरवर्षी मार्च महिन्यात प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याआधी मी वर्षभराची पत्रके ताईपुढे ठेवते, कारण ती गेली वीस वर्षे इथल्या लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि आकड्यांच्या रांगेतून तिच्या नजरेतून सहसा काही निसटत नाही. तिने त्या ओळीखाली पट्टी धरली आणि विचारले, "हे काय आहे गं?" मी म्हटले, "असेल कुठल्यातरी ॲपचं." त्यावर ती म्हणाली, "असेल म्हणून कुणी पैसे देतं का? मागचा महिना काढ." मागच्या महिन्यातही ती ओळ होती, त्याच्या मागच्यातही होती, आणि चौदा महिने मागे गेल्यावरच ती नाहीशी झाली. ताईने यंत्राला हात न लावता बेरीज सांगितली: १८१ डॉलर ८६ सेंट.

चौदा महिन्यांपूर्वी एका संकेतस्थळावरून फोटोंचा अल्बम छापून घेतला होता, एवढे मला आठवले. सदस्यत्व घेतल्याचे मात्र काही केल्या आठवेना. म्हणून त्याच संकेतस्थळावर मी पुन्हा एक अल्बम निवडला आणि पैसे न भरता शेवटच्या पायरीपर्यंत गेले. किमतीतून आठ डॉलर आपोआप वजा झालेले होते आणि शेजारी 'सदस्य दर' असे दोन शब्द होते. त्याखाली कार्डाचा क्रमांक भरण्याची चौकट, आणि तिच्याखाली पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले हिरवे बटण: 'ऑर्डर पूर्ण करा'. बटणाच्याही खाली, फिकट करड्या पार्श्वभूमीवर किंचित गडद करड्या अक्षरांत, चार ओळी होत्या. पहिल्या दोन गोपनीयतेच्या धोरणाविषयी होत्या. तिसरीच्या मध्यावर असे लिहिले होते की, हे बटण दाबून आपण सदस्यत्वाच्या चौदा दिवसांच्या मोफत चाचणीस संमती देत असून त्यानंतर आपण रद्द करेपर्यंत दरमहा १२.९९ डॉलर आकारले जातील. पडदा दीडपट मोठा केल्यावर मला ते नीट वाचता आले. आम्ही काहीच लपवले नव्हते, असे कंपनीचा वकील म्हणू शकेल, आणि शब्दशः पाहिले तर ते खोटे नाही. पण बोट बटणावर टेकलेले असताना डोळा बटणाच्या खाली उतरत नाही, हे पान आखणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

टोल-फ्री क्रमांकावरच्या बाईंनी आधी तीन महिने निम्म्या दराने देऊ केले, मग दोन महिने सदस्यत्व 'गोठवून' ठेवण्याचे सुचवले, आणि मी तिसऱ्यांदा तेच वाक्य उच्चारल्यावर ते रद्द केले. मागचे पैसे देता येणार नाहीत, असे त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले. बँकेकडे गेले तर १९७४ सालचा फेअर क्रेडिट बिलिंग कायदा आडवा आला. चुकीची आकारणी ज्या पत्रकात प्रथम दिसते ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. बँकेने शेवटच्या दोन आकारण्या परत केल्या आणि उरलेल्या बारा, म्हणजे १५५ डॉलर ८८ सेंट, माझ्या नावावर तशाच राहिल्या.

या रकमेचे काय करायचे, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. वकिलाच्या पहिल्या तासाच्या शुल्कालाही ती पुरली नसती. लघुवाद न्यायालयात जायचे तर एक दिवसाची रजा, दाव्याचे शुल्क आणि समोरून कोणी हजर होईल की नाही याची चिंता. तेव्हा माझ्या लक्षात आले की, १२.९९ हा आकडा काही सदस्यत्वाच्या मोलावरून ठरलेला नव्हता. पत्रकावर नजरेत भरणार नाही इतका तो लहान होता, आणि लक्षात आल्यानंतरही त्यापायी कोणी न्यायालयाची पायरी चढणार नाही, इतकाही लहान होता. शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर यांनी २००४ साली एका निकालपत्रात हे अगदी रोखठोक मांडले होते. अनेकांच्या वतीने एकत्र लावलेल्या सामूहिक दाव्याला खरा पर्याय म्हणजे १ कोटी ७० लाख वेगवेगळे दावे नव्हेत, तर शून्य दावे होत, कारण ३० डॉलरसाठी दावा लावणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर माथेफिरू, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मी वेडी नव्हते. म्हणून दीड वर्षाने एका तडजोडीची सूचना ईमेलने माझ्या 'स्पॅम'मध्ये येऊन पडेपर्यंत मी काहीच केले नाही. माझ्यासारख्याच एका ग्राहकाने त्या कंपनीवर 'क्लास ॲक्शन' म्हणजे सामूहिक दावा लावला होता, आणि त्या 'क्लास'मध्ये, मला न विचारता, मीही होते. सदस्यही मला न विचारताच झाले होते, हे सांगायला ताई विसरली नाही.

त्यानंतर मी या विषयावर जे जे मिळेल ते वाचत गेले. ग्राहकाचे मौन म्हणजे होकार, या तत्त्वावर चालणारी विक्री अमेरिकेत जुनी आहे. पुस्तकांचे आणि ध्वनिमुद्रिकांचे क्लब दरमहा एक पत्रिका पाठवत आणि 'नको' असे उलटटपाली कळवले नाही तर वस्तू आणि बिल दोन्ही घरी येत. यासाठी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने १९७३ साली नियम केला, पण तो टपालाच्या जगासाठी होता. आंतरजालावर हेच तत्त्व आले तेव्हा त्यातली पत्रिका गळाली, वस्तूही बहुधा गळाली आणि फक्त बिल शिल्लक राहिले.

२००० नंतरच्या दशकात याचा जो प्रकार बोकाळला, तो वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसले. तुम्ही एखाद्या नामांकित संकेतस्थळावर फुले किंवा विमानाचे तिकीट विकत घेता, पैसे भरता, आणि 'आपली ऑर्डर मिळाली' हे पान उमटण्याच्या क्षणी एक खिडकी उघडते: धन्यवाद, पुढच्या खरेदीवर आपल्यासाठी सवलत. तुम्ही ईमेलचा पत्ता टाकून 'होय' म्हणता. ती खिडकी दुकानाची नसून तिसऱ्याच कंपनीची असते, आणि दुकान तुमचा कार्ड क्रमांक तुमच्या नकळत त्या कंपनीला देऊन टाकते. धंद्यातले लोक याला 'डेटा पास' म्हणत. कार्डाचे आकडे स्वतःच्या हाताने भरणे हीच आपण पैसे देतो आहोत याची शेवटची खूण असते, आणि नेमकी तीच यात पुसून टाकलेली होती.

वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जे रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखालील सिनेटच्या वाणिज्य समितीने २००९ साली याची चौकशी केली. अफिनियन, व्हर्ट्रू आणि वेबलॉयल्टी या तीन कंपन्यांनी १९९९ पासून अशा सदस्यत्वांवर १४० कोटी डॉलरहून अधिक मिळवले होते, साडेचारशेहून अधिक संकेतस्थळे त्यांची भागीदार होती, आणि २००९ च्या जूनमध्ये सुमारे ४० लाख लोक दरमहा पैसे भरत होते, असे समितीला आढळले. या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो दुकानांचा वाटा: ७९ कोटी २० लाख डॉलर. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा, ज्यांच्यावर विश्वास ठेवून ग्राहकाने कार्ड दिले होते, त्यांच्याच गल्ल्यात गेला. तिसरी कंपनी हे पाप धुण्याचे एक सोयीचे ठिकाण होते.

या चौकशीतून जो कायदा निघाला त्याचे नाव रिस्टोअर ऑनलाइन शॉपर्स कॉन्फिडन्स ॲक्ट. आद्याक्षरांवरून त्याला 'रोस्का' म्हणतात. बराक ओबामा यांनी २०१० च्या डिसेंबरमध्ये त्यावर सही केली. त्याने 'डेटा पास' बंद केला: तिसऱ्या कंपनीला पैसे हवे असतील तर पूर्ण कार्ड क्रमांक तिने ग्राहकाकडूनच मागून घेतला पाहिजे. शिवाय, मौनाला होकार समजून आकारणी करणाऱ्या प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्यावर त्याने तीन बंधने घातली. सर्व महत्त्वाच्या अटी कार्डाची माहिती घेण्याच्या आधी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, आकारणीपूर्वी ग्राहकाची जाणीवपूर्वक आणि स्पष्ट संमती घेतली पाहिजे, आणि आकारणी थांबवण्याची सोपी सोय दिली पाहिजे. माझ्या अल्बमच्या पानावर कार्डाची चौकट वर आणि अटी बटणाच्या खाली होत्या, हे हा कायदा वाचताना मला नव्याने दिसले.

पण या कायद्यात एक खोच आहे. त्याखाली कारवाई करण्याचा अधिकार फेडरल ट्रेड कमिशनला आणि राज्यांच्या ॲटर्नी जनरलना आहे. सामान्य ग्राहकाला त्याचा आधार घेऊन थेट न्यायालयात जाता येत नाही. त्यामुळे सामूहिक दाव्यांचे वकील राज्यांच्या कायद्यांकडे वळतात, आणि त्यांतला सर्वांत वापरात असलेला कायदा कॅलिफोर्नियाचा आहे. डिसेंबर २०१० पासून लागू असलेल्या त्या कायद्यात, ज्याचे नूतनीकरण आपोआप होते अशा प्रत्येक करारासाठी ठळक सूचना, होकार आणि नंतर पाठवायची पोच आवश्यक आहे. २०१८ च्या जुलैपासून, ज्याने सदस्यत्व ऑनलाइन घेतले त्याला ते ऑनलाइनच रद्द करता आले पाहिजे, अशी भर पडली. त्यातले एक कलम मला फार आवडते. रीतसर संमती न घेता ग्राहकाकडे माल पाठवला, तर तो माल ग्राहकाला दिलेली बिनशर्त भेट समजला जातो. भेट म्हटल्यावर तिचे पैसे कसले मागायचे? डेबिट कार्डातून रक्कम गेली असेल तर १९७८ चा इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायदाही हाताशी असतो, कारण खात्यातून वेळोवेळी पैसे वळते करण्यासाठी तो लेखी अधिकारपत्र मागतो. मात्र सामूहिक दाव्यात त्याखालच्या वैधानिक भरपाईला ५ लाख डॉलर किंवा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेचा एक टक्का, यांपैकी जे कमी असेल तितकीच मर्यादा आहे.

कायदा सापडला म्हणजे 'क्लास' तयार झाला असे होत नाही. संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ प्रमाणे न्यायाधीशाची खात्री पटावी लागते की, लोक पुष्कळ आहेत, प्रश्न समान आहे, पुढे आलेला वादी इतरांसारखाच आहे आणि तो व त्याचे वकील सर्वांचे हित नीट सांभाळतील. लपवलेल्या शुल्काच्या दाव्यात यांतला समानतेचा मुद्दा वादीच्या पथ्यावर पडतो, कारण पडदा सर्वांना एकच दिसलेला असतो. बचावाचा वकील नेमके उलट सांगतो: फोनवर वेगळे दिसते, संगणकावर वेगळे, मार्चमध्ये मजकूर बदलला, ऑगस्टमध्ये बटणाचा रंग बदलला, कोणी वाचले, कोणी वाचले नाही. म्हणून अशा खटल्यांत कोणत्या तारखेला पान कसे दिसत होते, याची चित्रे दोन्ही पक्षांना तारीखवार जमवावी लागतात, आणि अक्षरांचा आकार, रंगांतला फरक, दुव्याखाली रेघ होती की नव्हती, यांवर पानेच्या पाने युक्तिवाद चालतो.

मात्र बहुतेक दावे इथवर पोचतच नाहीत, कारण त्याआधी लवादाचे कलम उभे असते. अटी व शर्तींच्या पोटात कुठेतरी असे लिहिलेले असते की, तंटा झाल्यास तो न्यायालयात न जाता लवादापुढे जाईल, आणि तोही एकेकट्याने. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एटी अँड टी मोबिलिटीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असे कलम उचलून धरले आणि ते रद्द ठरवणारा कॅलिफोर्नियाचा नियम बाजूला सारला. तो तंटा होता 'मोफत' म्हणून दिलेल्या फोनवर आकारलेल्या ३० डॉलर २२ सेंट विक्रीकराचा. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मतात पॉझ्नर यांचे ते ३० डॉलरचे वाक्य उद्धृत केले, पण बहुमत स्कालिया यांच्याकडे होते.

तेव्हापासून या दाव्यांची खरी लढाई एका जुन्याच प्रश्नावर होते: करार झाला का? ज्या अटी ग्राहकाच्या नजरेसच पडल्या नाहीत, त्या त्याने मान्य केल्या असे कसे म्हणायचे? वर सांगितलेल्या सवलतीच्या खिडकीचाच एक खटला २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयापुढे आला. अफिनियनच्या घरातल्या ट्रायलीजंट या कंपनीने लवादाचे कलम सदस्यत्व झाल्यानंतर ईमेलने पाठवले होते, आणि नंतर आलेल्या अशा ईमेलला ग्राहकाची संमती म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २०२२ चा नवव्या सर्किटचा, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाचा, एक निकाल तर मला जवळजवळ माझ्याच पानाचे वर्णन वाटला. तो तंटा शुल्काचा नसून नको असलेल्या विपणन संदेशांचा होता, पण प्रश्न संमतीचाच होता. अटींची सूचना बारीक करड्या अक्षरांत, आसपासच्या मजकुरापेक्षा कितीतरी लहान आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम वाचता येईल अशी होती, आणि दुवाही आजूबाजूच्या शब्दांच्याच रंगात होता, असे नोंदवून न्यायालयाने लवादाची मागणी फेटाळली. माझ्या कंपनीलाही हीच ठेच लागली. तिच्या अटींचा दुवा त्याच चार करड्या ओळींत होता, न्यायाधीशांनी लवादाची मागणी नाकारली आणि त्यानंतर काही महिन्यांत कंपनी तडजोडीला आली. शुल्क लपवण्यासाठी निवडलेल्या रंगानेच तिचे चिलखत काढून घेतले, हे वाचून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

चिलखताची दुसरी बाजूही कंपन्यांना कळू लागली आहे. लवाद म्हणजे लवादाचे शुल्क, आणि ग्राहकांच्या बाबतीत ते बहुतांशी कंपनीला भरावे लागते. एकाच वेळी ७५ हजारांहून अधिक अर्ज लवादाकडे दाखल झाल्यावर ॲमेझॉनने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांच्या अटींतून लवादाचे कलमच काढून टाकले.

आता तडजोडीविषयी, आणि इथे माझा उत्साह मावळतो. फुलांच्या एका संकेतस्थळाशी जोडलेल्या 'ईझीसेव्हर रिवॉर्ड्स' या सदस्यत्वाचे प्रकरण सॅन दिएगोच्या न्यायालयात अनेक वर्षे चालले. 'क्लास' सुमारे १३ लाख ग्राहकांचा होता. तडजोडीत साडेबारा दशलक्ष डॉलरचा रोख निधी ठरला आणि शिवाय प्रत्येकाला २० डॉलरची, त्याच संकेतस्थळांवर वापरायची जमापावती. दावा भरून परतावा मागणाऱ्या ग्राहकांच्या हाती रोख पडले ते सुमारे सव्वादोन लाख डॉलर. वकिलांचे शुल्क ८७ लाख डॉलर धरलेले होते आणि उरलेले सुमारे ३० लाख सॅन दिएगोतल्या विद्यापीठांना जायचे होते. एका आक्षेप घेणाऱ्या सदस्यामुळे प्रकरण वर गेले, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने २० डॉलरच्या जमापावत्या म्हणजे कूपनच होत असे ठरवून वकिलांच्या शुल्काचा हिशेब पुन्हा करायला लावला. २००५ च्या क्लास ॲक्शन फेअरनेस कायद्याप्रमाणे कूपनांवर आधारलेले शुल्क, प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या कूपनांच्या मोलावर ठरवावे लागते. ज्या दुकानाने फसवले त्याच दुकानात पुन्हा खरेदी केली तरच भरपाई, या कल्पनेत काही गैर आहे हे समजायला एवढी वर्षे का लागावीत, असा प्रश्न मला पडला. वकिलांनी जोखीम घेतली, वर्षानुवर्षे पदरचे घातले, हे मान्य. तरीही सव्वादोन लाख आणि सत्त्याऐंशी लाख हे आकडे शेजारी ठेवले की ताईसारख्या हिशेबनिसाची भुवई उंचावतेच.

हे एकाच प्रकरणाचे दुर्दैव म्हणावे तर तसेही नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये ग्राहकांच्या १४९ सामूहिक दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे पैसे मिळवण्यासाठी अर्ज भरावा लागत होता, तिथे अर्ज भरणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ९ टक्के निघाले, आणि सूचना मिळालेल्यांच्या संख्येनुसार वजन दिलेली सरासरी ४ टक्क्यांवर आली. बारा डॉलर कापलेले ज्याला दिसत नाहीत, त्याला ते परत मिळण्याची सूचनाही दिसत नाही. शिवाय त्या सूचनेचा ईमेल हुबेहूब फसवणुकीच्या ईमेलसारखा असतो: अनोळखी प्रेषक, मोठ्या रकमेचा उल्लेख, दुव्यावर टिचकी मारण्याचा आग्रह आणि मुदत. माझा ईमेल 'स्पॅम'मध्ये टाकणाऱ्या यंत्राला मी दोष देऊ शकत नाही.

याउलट सरकारने स्वतः मनावर घेतले तर काय होते, याचा नमुना ॲमेझॉन प्राइमच्या प्रकरणात दिसला. कमिशनने जून २०२३ मध्ये दावा लावला. सदस्यत्व रद्द करण्याचा मार्ग चार पानांचा, सहा टिचक्यांचा आणि पंधरा पर्यायांचा होता आणि कंपनीतल्याच लोकांनी त्याला 'इलियड' हे नाव दिले होते, असे त्यात म्हटले होते. ट्रॉयचे युद्ध किती लांबले हे ज्यांना माहीत आहे त्यांना नावामागची चेष्टा कळेल. सिएटलमध्ये खटला उभा राहण्याच्या काही दिवस आधी न्यायाधीश जॉन चुन यांनी, अटी सांगण्याआधी कार्डाची माहिती घेऊन कंपनीने रोस्काचा भंग केला, असा निर्णय दिला. पुन्हा एकदा वर काय आणि खाली काय हाच मुद्दा निर्णायक ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये, दोष मान्य न करता, कंपनीने २५० कोटी डॉलरची तडजोड केली: १०० कोटी दंड आणि १५० कोटी ग्राहकांच्या परताव्यासाठी. त्यात प्राइमचा अगदी कमी वापर केलेल्या पात्र ग्राहकांना ५१ डॉलरपर्यंतची रक्कम अर्ज न करता आपोआप देण्याची तरतूद होती. कंपनीला कापताना अर्ज लागत नाही तर परत करतानाही लागू नये, एवढी साधी गोष्ट तिथे कोणाला तरी सुचली.

मात्र सरकारचे मन कायम राहीलच असे नाही. सदस्यत्व जितक्या सहज घेता येते तितक्याच सहज सोडता आले पाहिजे, असा नियम याच कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला होता. तो पूर्णपणे लागू होण्याच्या तोंडावर, ८ जुलै २०२५ रोजी, आठव्या सर्किटच्या न्यायालयाने तो रद्द केला. नियमाचा आर्थिक परिणाम १० कोटी डॉलरहून मोठा असल्यामुळे जे प्राथमिक विश्लेषण आधी प्रसिद्ध करायला हवे होते, ते कमिशनने केले नव्हते. गाडी प्रक्रियेवर अडली, आशयावर नाही, तरी अडलीच.

या सगळ्यात माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट न्यायालयातली नाही. लिरन आयनाव, बेन क्लोपॅक आणि नील महोनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा लोकप्रिय सेवांची सदस्यत्वे तपासली आणि एक साधी खूण पकडली. कार्ड हरवले किंवा मुदत संपून नवे आले की सेवा चालू ठेवण्यासाठी ग्राहकाला नवा क्रमांक द्यावा लागतो, आणि त्या महिन्यात सदस्यत्व सोडणाऱ्यांची संख्या एकदम उसळते. म्हणजे एरवी त्यांना ती सेवा हवी होती असे नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ग्राहकांच्या अशा दुर्लक्षामुळे विक्रेत्यांचे उत्पन्न सेवेनुसार १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. माझे कार्ड त्या चौदा महिन्यांत हरवले असते तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ यावी, यातच सगळे आले.

मी दावा भरला. अर्जात सूचनेवरचा क्रमांक, जुना ईमेल आणि शपथेवर एक टिक, एवढेच होते. पाच मिनिटेही लागली नाहीत. अंतिम मंजुरी, आक्षेपांची मुदत आणि अपिलाची मुदत यांत सात महिने गेले. मग एके दिवशी टपालात एक साधा पांढरा लिफाफा आला. प्रेषकाचे नाव मी जन्मात ऐकलेले नव्हते, आत जाड पुठ्ठ्यासारखे काहीतरी हाताला लागत होते, आणि कुठल्यातरी बँकेची जाहिरात असावी असे समजून मी तो फाडायला घेतला. ताई म्हणाली, "थांब, आधी उघडून बघ." आत तडजोडीच्या प्रशासकाने पाठवलेले कार्ड होते, ३१ डॉलर १७ सेंटचे. ताईने घरखर्चाची वही काढून १५५.८८ च्या समोर ती रक्कम जमा दाखवली, खाली रेघ मारली आणि उरलेले १२४.७१ कोणत्या खात्यावर टाकायचे, असे मला विचारले. मला उत्तर सुचले नाही. ज्या रकमेचा खुलासा मिळत नाही ती हिशेबनीस तात्पुरती उचंत खात्यात ठेवतात, तशी तिने ठेवली. पुढच्या मार्चमध्ये वही उघडली तेव्हाही ती तिथेच होती.